म्यानमारच्या खानावळीत जेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यांगून, मंडाले, बागान किंवा इनले तलावाकाठी साध्या स्थानिक खानावळीत पहिल्यांदा जेवायला बसणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. बर्मी शब्द कानाला जसे ऐकू येतात तसेच लिहिले आहेत, म्हणजे वाचून दाखवले तर समोरच्याला बहुधा कळतील.

सध्या तिकडे जावं का?

आधी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर देशाच्या बऱ्याच भागांत सशस्त्र संघर्ष चालू आहे. २८ मार्च २०२५ च्या भूकंपात मंडाले आणि सगाईंग परिसराचं मोठं नुकसान झालं. जुन्या प्रवासवर्णनातली किंवा नकाशावरची एखादी खानावळ आज उघडी असेलच असं धरून चालू नका. सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून निघावं.

जाणं जमणार नसेल, तर थायलंडमधल्या सीमेवरच्या मे सोत गावात बर्मी खाणं सहज मिळतं. आपल्याकडे चेन्नईच्या बर्मा बाजार भागात बर्मातून परतलेल्या तमिळ कुटुंबांनी आणलेले ‘अथो’ नूडल्स गाड्यांवर विकतात. त्यांची चव आता बरीच तमिळ झाली आहे, पण रस्ता तिकडूनच आला आहे.

खानावळीत मेन्यूकार्ड नसतं. मग मागवायचं कसं?

भाताच्या खानावळीला ‘थमिन साइंग’ म्हणतात. काउंटरवर पातेली किंवा ट्रे मांडलेले असतात आणि प्रत्येकात एकेक रस्सा असतो. त्याला म्हणायचं ‘हिन’. आधी टेबल धरू नका. सरळ पातेल्यांपाशी जा, झाकणं उघडून दाखवायला सांगा आणि हवं त्याकडे बोट करा. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, तिथले लोकही असंच करतात.

चे-था म्हणजे कोंबडी, वे-था डुकराचं मांस, सेइ-था बकऱ्याचं, अमे-था गोमांस. न्गा म्हणजे मासा, पझुन म्हणजे कोळंबी, चे-ऊ म्हणजे अंडं. शिजलेला तांबडा रस्सा सगळा सारखाच दिसतो, म्हणून गोमांस किंवा डुकराचं मांस टाळणाऱ्यांनी एवढे शब्द तरी पाठ करावेत. बर्मी बौद्धांमध्येही गोमांस न खाणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे ‘अमे-था म सा बू’ (गोमांस खात नाही) म्हटलं की लगेच समजतं. डुकराचं मांस अजिबात नको असेल तर पाटीवर ‘७८६’ लिहिलेली खानावळ शोधा. ती मुस्लिम मालकाची असते.

एका माणसाने किती पदार्थ मागवावेत?

एकच हिन. नवखे लोक हमखास इथेच फसतात. चार पातेली आवडली म्हणून चार हिन मागवतात आणि मग टेबलावर वाट्या ठेवायला जागा उरत नाही. हिनची बशी लहान असते, मांसाचे दोन-तीन तुकडे आणि थोडा रस्सा. पण तिच्यामागोमाग न मागता बाकीचं सगळं येतं. भात, आंबट किंवा पातळ सार, कच्च्या आणि उकडलेल्या भाज्यांचं ताट, त्यात बुडवायला न्गापीची (आंबवलेल्या माशांच्या चटणीची) वाटी, एखादी परतलेली पालेभाजी, कधी डाळ, कधी लोणचं. पैसे मुख्यतः हिनचे. भात, सार आणि भाज्या बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. दोघांनी दोन वेगळे हिन घेऊन वाटून खाणं सगळ्यांत बरं.

खरं जेवण या फुकटच्या वाट्यांमध्येच आहे. हिन तेलकट आणि खारट असतं, ते भाताला चव आणण्यापुरतं. त्याचा जडपणा कापतं आंबट सार. कच्ची भाजी तोंड साफ करते आणि न्गापी त्या भाजीला खारट-तिखट करते. हिन संपवून बाकी सगळं तसंच ठेवून उठणारा माणूस नंतर ‘बर्मी जेवण फार तेलकट’ म्हणतो. त्याने अर्धंच जेवण खाल्लेलं असतं.

रश्श्यावर बोटभर तेल का असतं? ते खायचं का?

ते चुकून पडलेलं नसतं. कांदा, लसूण, आलं आणि सुकी मिरची वाटून हळद घालून तेलात परततात, मग मांस घालून थोड्या पाण्यात शिजवतात. पाणी पूर्ण आटून तेल वर सुटलं की हिन झालं. या पद्धतीचं नावच ‘सी ब्यान’, म्हणजे तेल परत आलेलं. तेल सुटलं नाही तर कांदा कच्चा राहिला असं समजतात. सकाळी शिजवलेलं हिन दुपारपर्यंत फ्रिजबाहेर राहतं, तेव्हा वरचा तेलाचा थर झाकणासारखं काम करतो.

ते सगळं तेल खायची मात्र कुणाची अपेक्षा नसते. बशी किंचित तिरकी धरा, तेल एका कडेला जाऊ द्या आणि चमच्याने खालचा घट्ट मसाला आणि तुकडा उचलून भातावर घ्या. एका तुकड्याला तीन-चार घास भात, हे प्रमाण ठेवलं तर पोट बिघडत नाही. हिन कोमट येतं, वाफाळतं नाही. ते शिळं असल्याची खूण नव्हे. गरम मागितलं तर काही ठिकाणी करून देतात, काही ठिकाणी नुसतं हसतात.

किती वाजता जावं?

अकरा ते साडेबारा. हिन सकाळीच शिजतं आणि बर्मी लोक दुपारचं जेवण लवकर उरकतात. दोननंतर चांगली पातेली रिकामी झालेली असतात. रात्री जाल तर बऱ्याच ठिकाणी सकाळचंच उरलेलं हिन मिळतं, तेही तेवढे तास उकाड्यात राहिलेलं. पोट बिघडण्याचं हे सगळ्यांत साधं कारण. रात्रीसाठी शान नूडल्स (शान हा म्यानमारमधला एक समाज), चिनी पद्धतीचे ताजे परतलेले पदार्थ किंवा यांगूनच्या चायनाटाउनमधल्या १९ व्या गल्लीतल्या निखाऱ्यावरच्या सळ्या बऱ्या. ते समोर शिजतं.

एप्रिलच्या मध्यावर ‘तिंजान’ हा पाण्याचा नववर्ष सण येतो. त्या दिवसांत बहुतेक खानावळी बंद असतात. तेव्हा बिस्किटं आणि फळं जवळ ठेवा.

न्गापी म्हणजे काय? वास सहन होईल का?

मीठ लावून आंबवलेल्या माशांचा किंवा बारीक कोळंबीचा लगदा म्हणजे न्गापी. टेबलावर येते ती तिची पातळ चटणी, ‘न्गापी ये’. न्गापी पाण्यात उकळून गाळतात आणि त्यात लसूण, मिरची घालतात. वास उग्र असतो, चव वासाइतकी उग्र नसते.

पहिल्यांदा खाताना चमच्याने भातावर ओतू नका, मीठ फार होतं. काकडी, कोवळं वांगं किंवा उकडलेली भेंडी टोकापुरती बुडवून खा. नाहीच आवडली तर वाटी बाजूला सरकवावी, नाक दाबू नये. खानावळवाल्याच्या घरचे लोक शेजारच्या टेबलावर तीच खात असतात.

‘बालाचाँव’ हे तिचं सुकं भावंड. सुकी कोळंबी, तळलेला कांदा, लसूण, मिरची आणि थोडी न्गापी तेलात कुरकुरीत होईपर्यंत परततात. न्गापी न आवडणाऱ्यांनाही हे बहुधा आवडतं. नुसत्या भातावर एक चमचा पुरे.

कच्च्या भाज्या खाव्यात की टाळाव्यात?

पहिले दोन दिवस उकडलेल्याच खा. ताटात दोन्ही असतात. कच्च्या पानांचा धोका पानांत नसतो, ती धुतलेल्या पाण्यात असतो. पाणी सीलबंद बाटलीतलंच प्या. टेबलावरच्या थर्मासमधला बिनदुधाचा चहा उकळलेला असतो आणि बहुधा फुकट असतो, तो बिनधास्त प्या.

आंबट पालेभाजी दिसली की ती सोडू नका. ‘चिन बाउंग’ म्हणजे आपली लाल अंबाडी. तिचं सार करतात, शिवाय कांदा, मिरची आणि बऱ्याचदा बांबूचे कोंब घालून ती परततातही. परतलेल्या भाजीत सुकी कोळंबी जवळजवळ नेहमी असते.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते, पण मागितल्याशिवाय नाही. ‘थे-था-लू’ हा शब्द लक्षात ठेवा. बौद्ध लोक व्रताच्या दिवशी जीवहत्या टाळून जे जेवतात ते थे-था-लू. ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर माशाचा रस आणि सुकी कोळंबी ताटात येणारच, कारण स्वयंपाक्याच्या लेखी ते मांस नव्हे, ती चव आहे. म्हणून थे-था-लू म्हटल्यावर आणखी तीन गोष्टी सांगाव्यात. ‘न्गापी म थे ने’ म्हणजे न्गापी घालू नका. ‘न्गान-प्या-ये म थे ने’ म्हणजे माशाचा खारा रस नको. ‘पझुन-चाउ म थे ने’ म्हणजे सुकी कोळंबी नको. अंडं चालत नसेल तर ‘चे-ऊ म सा बू’ वेगळं सांगा. जुलै ते ऑक्टोबर या वर्षावासात मांस सोडणारे लोक जास्त असतात, तेव्हा हे पदार्थ मिळणं सोपं जातं.

पोटभर खाण्यासाठी सगळ्यांत भरवशाचं म्हणजे शान लोकांचं ‘तोहू’. नाव टोफूसारखं असलं तरी त्यात सोयाबीन नसतं, हरभऱ्याचं पीठ असतं. पीठ पाण्यात कालवून गाळतात आणि हळद-मीठ घालून सतत ढवळत शिजवतात. थंड झालं की वडी पडते. ती कापून कोशिंबिरीसारखी मिसळतात किंवा तळतात. गरम असताना तसंच वाडग्यात वाढलं की ‘तोहू न्वे’. हे म्हणजे बिनफोडणीचं, रेशमासारखं मऊ पिठलं, खाली तांदळाच्या नूडल्स आणि वर लसणाचं तेल, शेंगदाणे, कोथिंबीर. वर कोंबडीचा मसाला घालण्याची पद्धत आहे, म्हणून आधीच नको म्हणा.

बागानला गेलात तर ‘पोन ये जी’ मागा. कुळीथ तासन्तास उकळून, आंबवून केलेला हा काळा खारट लगदा त्याच भागाची खासियत आहे. कच्चा कांदा, शेंगदाणे आणि तेल घालून कालवलेलं पोन ये जी आणि गरम भात हे उत्तम शाकाहारी जेवण. फक्त ते डुकराच्या मांसातही घालतात, तेव्हा कुठलं मागताय ते दाखवून मागा.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांची मात्र खरोखर अडचण होते. दोन्ही नसलेलं हिन मिळणं कठीण. साधा भात, उकडलेले वाटाणे (‘पे ब्यो’), फळं आणि ताडगूळ यांवर एक वेळ निघते. सगळी सहल तशी काढायची असेल तर सोबत कोरडा शिधा हवाच.

चहाच्या पानांची कोशिंबीर चावायची की चघळायची?

चावून खायची, भातासोबत किंवा नुसती. ‘लफे’ म्हणजे आंबवलेली चहाची पानं. मुख्यतः शान राज्याच्या डोंगरात कोवळी पानं खुडतात, वाफवतात आणि दाबून कित्येक महिने मुरवतात. ‘लफे थो’ मध्ये त्यात तळलेल्या डाळी आणि वाल, तळलेला लसूण, भाजलेले तीळ, शेंगदाणे, टोमॅटो, कोबी, सुकी कोळंबी, लिंबू आणि शेंगदाण्याचं तेल घालून हाताने कालवतात. पानं कडवट-तुरट आणि थोडी आंबट लागतात, बाकी सगळं कुरकुरीत. मागवल्यावर लगेच खा. दहा मिनिटांत डाळी मऊ पडतात आणि गंमत जाते.

पाहुणचारात हीच वस्तू लाखेच्या कप्प्यांच्या डब्यात येते, पानं मधल्या कप्प्यात आणि बाकी जिन्नस भोवती. तीन बोटांच्या चिमटीत थोडं थोडं सगळं घेऊन तोंडात टाकायचं. यात चहाचं कॅफीन पुरेपूर असतं. संध्याकाळी ताटभर खाल्लं तर झोपेची आशा सोडा.

पाकीट विकत घेताना भडक हिरव्या रंगाची पानं टाळा. मुरलेली पानं मळकट, काळपट हिरवीच दिसतात. २००९ मध्ये लफेच्या कित्येक ब्रँडांत ऑरामाइन-ओ हा कापड रंगवायचा रंग सापडला होता.

नाश्त्याला काय?

मोहिंगा. मागूर जातीच्या माशाचा रस्सा, त्यात गवती चहा, आलं, केळीच्या खांबाचा गाभा, दाट करायला भाजलेल्या तांदळाची पूड किंवा बेसन, आणि खाली तांदळाच्या शेवया. वर उकडलेलं अंडं आणि मोडून टाकलेली भजी. लिंबू, मिरचीपूड आणि कोथिंबीर टेबलावर असते, ते आपल्या हाताने घ्यायचं. आधी नुसता रस्सा चाखा, मग लिंबू पिळा. गाडीवरचा मोहिंगा नऊ-दहापर्यंत संपतो. सकाळी लवकर जा, तेव्हा रस्सा उकळता असतो. शाकाहाऱ्यांसाठी यात काही करता येत नाही, मासा रश्श्यातच विरघळलेला असतो.

मुंबईत मिळतं तसं खाऊ सुए तिथे मिळेल का?

मूळ पदार्थ मिळेल, ‘ओन नो खाऊ स्वे’. १९४२ मध्ये आणि नंतर १९६० च्या दशकात बर्मा सोडून आलेल्या भारतीयांबरोबर तो इकडे आला आणि वाढत वाढत भाज्या, पनीर आणि दहा वाट्यांच्या सजावटीपर्यंत पोचला. तिथे तो नारळाच्या दुधातला, बेसनाने दाटसर केलेला कोंबडीचा रस्सा आणि गव्हाच्या नूडल्स एवढाच असतो. वर कच्चा कांदा, अंडं, तळलेल्या नूडल्स आणि लिंबू. भाज्यांचा असा प्रकार साध्या दुकानात शोधू नका.

मंडालेत त्याऐवजी ‘नान जी थो’ खा. जाड, गोल तांदळाच्या नूडल्स, कोंबडीचं हिन आणि भाजलेलं बेसन हाताने कालवून देतात, सोबत पातळ सार वेगळं. टिळकांच्या तुरुंगामुळे मराठी माणसाला मंडाले ठाऊक असतं, पण तिथल्या नूडल्सबद्दल कुणी सांगत नाही.

चहाच्या दुकानात न मागताच बश्या आणून ठेवल्या. पैसे पडतील का?

खाल्लं त्याचेच. सामोसे, भजी, तळलेल्या पिठाच्या कांड्या टेबलावर ठेवतात आणि शेवटी किती उचलले ते मोजतात. हात न लावलेली बशी परत जाते. ओल्या टिश्यूचं पाकीट फोडलं तर त्याचे पैसे बऱ्याचदा धरतात.

चहा आटवलेल्या गोड दुधाचा असतो. ‘चो सेइन’ म्हटलं तर गोड आणि दाट, ‘पो चा’ म्हटलं तर कमी गोड आणि कडक. आपल्याकडच्या साखरेची सवय असली तरी पहिला कप पो चा घ्या. सामोशाचे तुकडे करून कांदा, कोबी, पुदिना आणि डाळीच्या पाण्यात कालवलेलं ‘समुसा थो’ तिथेच मिळतं. पराठ्याला ‘पलाता’ म्हणतात, दम बिर्याणीला ‘डांबाउ’. १ एप्रिल १९३७ पर्यंत बर्मा ब्रिटिश हिंदुस्थानातच होता, तेव्हा या दुकानांत आपलं पुष्कळ काही ओळखीचं दिसेल.

गिऱ्हाईक वेटरला ओठांनी मुक्याचा आवाज काढून बोलावतात. तो तिथला रिवाज आहे, पण परक्याने हात वर करणं बरं.

हाताने जेवलं तर चालतं का?

चालतं, उजव्या हाताने. आता बहुतेक ठिकाणी उजव्या हातात चमचा आणि डाव्यात काटा असतो. काट्याने चमच्यात ढकलायचं, काटा तोंडात घालायचा नाही. कुणाच्या घरी जेवत असाल तर पहिला घास ज्येष्ठांच्या ताटात वाढला जाईपर्यंत थांबा. पैसे किंवा बशी देताना उजव्या हाताने द्या आणि डावा हात उजव्या कोपराला लावा. एवढ्याने वागण्यात फरक पडतो.

शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर?

मग थमिन साइंग टाळलेलीच बरी. शेंगदाण्याचं तेल स्वयंपाकात सर्रास वापरतात आणि कोळंबीची पूड न सांगता कोशिंबिरीत पडते. ‘म्ये-बे म सा नाइंग बू’ म्हणजे शेंगदाणे खाऊ शकत नाही, हे वाक्य बर्मी लिपीत लिहून जवळ ठेवा. तरीही एकच पळी दहा पातेल्यांत फिरते, हे विसरू नका. अजिनोमोटो नको असेल तर ‘अचो-मोन म थे ने’ म्हणा. ताज्या कोशिंबिरीत ऐकतात. हिन आधीच शिजलेलं असतं, तिथे उपयोग नाही.

पैसे कसे द्यायचे?

रोख, क्याट या तिथल्या चलनात. कार्ड साध्या खानावळीत चालत नाही. बदलायला न्यायच्या डॉलरच्या नोटा कोऱ्या हव्यात. घडी, शाई किंवा फाटका कोपरा असेल तर परत करतात किंवा कमी भाव देतात. उठायच्या वेळी ‘शिन मे’ म्हटलं की हिशोब होतो. जेवणाआधी भाव विचारायचा असेल तर ‘बे लाउ ले’. टीप देण्याची सक्ती नाही.

गोड काय मिळतं?

टेबलावरच्या बरणीतला ताडगूळ, ‘थन्ये’. जेवणानंतर एक खडा तोंडात टाकायचा, बहुधा फुकट. बागानच्या वाटेवर ताडाचा रस आटवून तो करताना पाहता येतो. उन्हात ‘श्वे यिन ए’ घ्या, नारळाच्या दुधात साबुदाणा, जेली, चिकट भात आणि वर पावाचा तुकडा. बर्फाची खात्री नसेल तर त्याऐवजी ‘सनविन माकिन’, हा रवा आणि नारळाच्या दुधाचा भाजलेला केक.

घरी काय आणावं?

लफे आणि तळलेल्या डाळींची वेगवेगळी पाकिटं असलेला जोडसंच. एकत्र कालवलेला आणू नका, वाटेतच मऊ पडतो. तेलातली पानं हातसामानात अडतात, ती मोठ्या बॅगेत टाका. बालाचाँवची बरणी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा. तेल झिरपलं तर बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना वास लागतो आणि तो दोन धुण्यांत जात नाही. मासे-कोळंबीच्या वस्तूंबद्दल सीमाशुल्काचे नियम निघण्यापूर्वी पाहा. कोरडी न्गापी विमानतळावर पुन्हा पॅक करायची वेळ येऊ नये, म्हणून दुकानातच हवाबंद करून घ्या.